कीबोर्ड-माउसऐवजी गेमपॅड: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५ : काम काय आहे

टीव्हीला जोडलेला विंडोज ११ चा एक पीसी. त्यावरचा प्रत्येक गेम सुरू करण्यापासून बंद करण्यापर्यंत फक्त गेमपॅडवर चालला पाहिजे. गेमचे तीन गट पडतात. काहींना पॅडचा पूर्ण आधार आहे. काहींत खेळ पॅडवर चालतो, पण मेनू किंवा नाव टाइप करताना गाडी माउस-कीबोर्डपाशी अडते. आणि काहींना पॅड म्हणजे काय हेच ठाऊक नाही. पहिल्या गटाला फारसं काम नाही. वेळ जाणार तो तिसऱ्यात.

तपासायला तीन पॅड घेतले आहेत: एक्सबॉक्स सिरीजचा २०२० चा पॅड, प्लेस्टेशन ५ चा ड्युअलसेन्स, आणि मागे 'एक्स' व 'डी' असं लिहिलेला छोटा स्विच असलेला एक साधा यूएसबी पॅड.

संपूर्ण कामासाठी एकच नियम. अंगठ्याची हालचाल गेमपर्यंत पोचताना स्टिकचा सेन्सर, पॅडचं फर्मवेअर, केबल किंवा ब्लूटूथ, विंडोजचा ड्रायव्हर, मॅपर (पॅडचे संकेत बदलून पुढे पाठवणारा प्रोग्राम) आणि शेवटी गेमची स्वतःची सेटिंग्ज असे थर ओलांडते. डेडझोन (स्टिकच्या मध्याजवळचा, हालचाल न मोजला जाणारा भाग), कर्व्ह (स्टिक किती ढकलली की किती वेग, हे प्रमाण), बटणांची अदलाबदल यातलं बरंच काही दोन-तीन थरांत करता येतं. कुठलीही दुरुस्ती एकाच थरात करायची आणि ती कुठल्या थरात केली हे इथे लिहून ठेवायचं. 'पॅडवर मजा येत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा एकच काम दोन थरांनी केलेलं असतं.

६ जानेवारी : विंडोजला पॅड कसा दिसतो

विंडोजमध्ये पॅड वाचण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत, जुनी डिरेक्टइनपुट आणि एक्सबॉक्स ३६० च्या पॅडबरोबर आलेली एक्सइनपुट. डिरेक्टइनपुटमध्ये बटणांना नावं नसतात, फक्त क्रमांक असतात. 'बटण ३' म्हणजे कुठलं हे प्रत्येक पॅड स्वतः ठरवतो. एक्सइनपुटमध्ये जागा ठरलेल्या आहेत, म्हणून गेम विकत घेतल्या घेतल्या पॅड चालतो. मात्र एक्सइनपुटला एकावेळी चारच पॅड दिसतात, आणि एकट्याने खेळायचे बरेच गेम त्यातला पहिलाच क्रमांक वाचतात.

यूएसबी पॅडचा स्विच 'डी' वर होता. गेममध्ये काहीच हलत नव्हतं, पण विंडोजच्या चाचणी खिडकीत सगळं व्यवस्थित. स्विच 'एक्स' वर केला, केबल काढून पुन्हा लावली आणि गेमला पॅड दिसला. नुसता स्विच सरकवून भागेलच असं नाही. पुष्कळ पॅड आपली ओळख फक्त जोडणीच्या क्षणी सांगतात.

चाचणी खिडकी उघडण्यासाठी विंडोज की आणि आर एकत्र दाबून 'जॉय डॉट सीपीएल' चालवायचं, पॅड निवडायचा, गुणधर्मांत जायचं. एक्सबॉक्सचा पॅड इथे तपासताना एक गोष्ट हमखास घाबरवते. डावा ट्रिगर दाबला की पट्टी एका बाजूला जाते, उजवा दाबला की दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही एकदम पूर्ण दाबले की ती मधोमध येऊन थांबते. पॅड बिघडलेला नाही. ही खिडकी डिरेक्टइनपुटची आहे आणि तिच्यात दोन्ही ट्रिगर एकाच अक्षावर मांडलेले असतात. एक्सइनपुटमध्ये ते वेगळे, प्रत्येकी ० ते २५५ असे येतात. एखादा जुना रेसिंग गेम ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र घेत नसेल, तर तो पॅड डिरेक्टइनपुटने वाचतोय असं समजावं.

याच खिडकीतलं 'कॅलिब्रेट' बटण मोहात पाडतं. त्याचा परिणाम डिरेक्टइनपुटपुरताच होतो. एक्सइनपुटने वाचणाऱ्या गेमला त्याचा पत्ताही नसतो. आधी तिथे काही केलं असेल तर मूळ स्थितीवर आणून ठेवायचं.

९ जानेवारी : केबल, ब्लूटूथ, आणि गायब झालेला आवाज

ड्युअलसेन्स केबलने जोडल्याबरोबर टीव्हीचा आवाज बंद. कारण सरळ आहे: यूएसबीवर हा पॅड स्वतःला साउंड डिव्हाइस म्हणूनही जाहीर करतो, त्याला स्पीकर आणि हेडफोनचं छिद्र आहे, आणि विंडोज कधीकधी त्यालाच मुख्य आउटपुट करतं. उपाय: आवाजाच्या सेटिंगमध्ये टीव्ही पुन्हा निवडायचा. पॅडचं साउंड डिव्हाइस पूर्ण बंद करायचा मोह टाळावा, कारण या पॅडची बारीक थरथर ऑडिओच्या जादा चॅनलमधूनच जाते. डिव्हाइस बंद केलं तर ज्या गेममध्ये ती असते तिथे तीही जाते. घट्ट होणारे ट्रिगरही बऱ्याच पीसी गेममध्ये केबल असेल तरच काम करतात.

ब्लूटूथ जोडणी. ड्युअलसेन्सवर क्रिएट आणि पीएस बटण एकत्र दाबून धरायचं, दिवा भराभर लुकलुकू लागला की विंडोजमध्ये शोधायचा. एक्सबॉक्स पॅडवर वरच्या कडेला यूएसबीच्या तोंडाजवळचं छोटं बटण दाबून धरायचं. एक्सबॉक्स पॅड ब्लूटूथवर असताना त्याच्या ३.५ मिमीच्या छिद्रातून आवाज येत नाही. तो हवा तर केबल किंवा एक्सबॉक्सचा स्वतःचा वायरलेस डोंगल लागतो. हा पॅड साधारण १५ मिनिटं हात न लावल्यास बंद होतो, त्यामुळे लांब कटसीननंतर 'कंट्रोलर तुटला' असा संदेश आला तर तो दोष समजू नये.

ब्लूटूथवर स्टिक मधूनच अडकल्यासारखी वाटत होती: सोडली तरी पात्र क्षणभर चालत राही. पीसी टीव्हीमागे, ब्लूटूथचा डोंगल मागच्या यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये आणि शेजारच्याच पोर्टमध्ये बाहेरची हार्डडिस्क. यूएसबी ३ च्या जोडण्यांमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात विद्युत गोंगाट होतो आणि ब्लूटूथ तिथेच चालतं; इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. साधी यूएसबी २ ची एक मीटरची एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल टीव्हीच्या पुढच्या कडेला आणला. अडकणं थांबलं. नवीन डोंगल घेण्याआधी हे करून पाहावं.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथ अडॅप्टर आणि यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली 'वीज वाचवण्यासाठी हे डिव्हाइस बंद करू द्या' ही खूणही काढली.

१० जानेवारी : लॅग मोजणे

फोनच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये अंगठा आणि पडदा दोन्ही एका चौकटीत घ्यायचे, बटण तळाला टेकल्यापासून पडद्यावर बदल दिसेपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या. एक फ्रेम म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. निदान दहा वेळा मोजून मधलं मूल्य धरायचं, कारण ६० हर्ट्झच्या पडद्यावर नशिबानेच १६.७ मिलिसेकंद इकडेतिकडे होतात.

केबल की ब्लूटूथ यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. आमच्या पडद्यावर त्याहून कितीतरी मोठा फरक टीव्हीचा गेम मोड चालू केल्यावर पडला. सेकंदाला १२५ वेळा माहिती पाठवणारा पॅडसुद्धा फार तर ८ मिलिसेकंद खातो. टीव्हीची चित्रप्रक्रिया त्याच्या अनेक पट खाऊ शकते. त्यानंतर गेममधलं व्ही-सिंक (गेमच्या फ्रेम पडद्याच्या ठोक्याशी जुळवणारं सेटिंग). पॅडचा क्रम तिसरा.

१४ जानेवारी : डेडझोन, सगळ्यात जास्त वेळ इथे

स्टिकचं मूल्य प्रत्येक अक्षावर उणे ३२७६८ ते अधिक ३२७६७ असं येतं. मधोमध सोडलेली स्टिक कधीच नेमक्या शून्यावर थांबत नाही, म्हणून मधला काही भाग मेलेला धरतात. मायक्रोसॉफ्टने एक्सइनपुटमध्ये सुचवलेले आकडे असे: डाव्या स्टिकला ७८४९, उजवीला ८६८९, ट्रिगरला ३०. टक्क्यांत डावी साधारण २४, उजवी २६.५, ट्रिगर १२. हे आकडे एक्सबॉक्स ३६० च्या सैल स्टिकसाठी ठीक होते. आजच्या चांगल्या पॅडला ते फार मोठे आहेत. पण अनेक गेममध्ये ते जसेच्या तसे बसवलेले असतात आणि मेनूत बदलायची सोय नसते.

आता दोन थर एकावर एक आले की काय होतं ते पाहा. मॅपरमध्ये २० टक्के डेडझोन ठेवला आणि उरलेलं अंतर पुन्हा ० ते १०० असं ताणलं. गेमचा स्वतःचा २४ टक्के आहेच. अंगठा ४० टक्क्यांवर आला की मॅपर पुढे पाठवतो २५, त्यातले २४ गेम कापतो, आणि पात्राला मिळते जेमतेम १ टक्का हालचाल. म्हणजे स्टिकचा जवळपास ४० टक्के प्रवास वाया. नेम धरताना 'आधी काहीच नाही आणि मग एकदम झटका' असं जे वाटतं ते हेच.

ठरवलेला क्रम:

मॅपरमधला डेडझोन शून्य करायचा. गेममध्ये डेडझोनचं सेटिंग असेल तर तेही शून्यावर आणायचं, स्टिक चारी दिशांना ढकलून अचानक सोडायची, कॅमेरा सरकत राहतो का ते पाहायचं. सरकला तर एकेक टक्का वाढवत थांबेपर्यंत जायचं आणि वर दोन टक्के जोडायचे. धडधाकट स्टिक ५ ते ८ टक्क्यांत बसते. १५ च्या वर जावं लागत असेल तर प्रश्न सेटिंगचा नसून स्टिकचा आहे. गेममध्ये सेटिंगच नसेल आणि त्याचा पोटातला डेडझोन मोठा असेल, तर मॅपरमध्ये उलट डेडझोन द्यायचा: स्टिक जराशी हलली की थेट २२-२३ टक्क्यांपासून मूल्य पाठवायचं. २४ च्या किंचित खाली राहिलेलं बरं, नाहीतर कॅमेरा रांगायला लागतो.

डेडझोनचा आकारही तपासायचा. स्टिक पूर्ण उजवीकडे ढकलून सावकाश वर न्यायची. कॅमेरा लगेच चढू लागला तर आकार गोल आहे. काही अंतर सरळच राहिला आणि मग अचानक चढला, तर गेम दोन्ही अक्ष वेगवेगळे कापतोय आणि मधला मेलेला भाग अधिक चिन्हासारखा आहे. दुसऱ्या प्रकारात तिरका बारीक नेम धरणं त्रासाचं होतं. रेसिंगमध्ये मात्र तोच सोयीचा, कारण अंगठा किंचित वर-खाली झाला तरी चाकं सरळ राहतात.

कर्व्ह शेवटी. घातांक २ ठेवला तर अर्ध्या स्टिकला २५ टक्के वेग मिळतो, १.५ ला ३५. नेमबाजीत १.५ च्या आसपास हात लवकर बसतो. गेमची स्वतःची कर्व्ह आधीच असेल तर मॅपरमध्ये सरळ रेष ठेवायची. इथेही तोच नियम.

१७ जानेवारी : एक बटण, दोन उड्या

ड्युअलसेन्स फक्त एक्सइनपुट समजणाऱ्या गेमला दिसावा म्हणून डीएस४विंडोज चालवलं. ते ड्युअलसेन्स वाचून एक खोटा एक्सबॉक्स पॅड तयार करतं. गेममध्ये मेनूत एकदा खाली दाबलं की कर्सर दोन ओळी खाली. गेमला खरा पॅडही दिसतोय आणि खोटाही. हायडहाइड बसवून खरा पॅड बाकी सगळ्यांपासून लपवला आणि यादीत फक्त डीएस४विंडोजला परवानगी दिली. बसवल्यावर पॅड एकदा काढून लावावा लागतो.

याच्यावर स्टीम इनपुट (स्टीम या गेमच्या दुकान-ॲपमधलाच मॅपर) चालू असेल तर तिसरा पॅड जन्माला येतो. दोन मॅपर एकत्र चालवू नयेत. स्टीमचे आणि स्टीममध्ये बाहेरून जोडलेले गेम स्टीम इनपुटवर, बाकीचे डीएस४विंडोजवर. एक सुरू करताना दुसरं बंद. स्टीममध्ये प्रत्येक गेमच्या गुणधर्मांत कंट्रोलर या भागात स्टीम इनपुट चालू, बंद किंवा नेहमीप्रमाणे असं निवडता येतं. ज्या गेमला ड्युअलसेन्स मुळातच कळतो तिथे ते बंद ठेवायचं, नाहीतर पडद्यावर चौकोन-त्रिकोणाऐवजी ए-बी-एक्स-वाय दिसू लागतं आणि ट्रिगरचा घट्टपणा जातो.

कॅमेरा आपोआप गोल फिरत राहणं हाही याच घरातला दोष, फक्त पाहुणा वेगळा. काही कीबोर्ड, पेडल आणि चार्जिंग स्टँड विंडोजला जॉयस्टिक म्हणून दिसतात. त्यांचा एखादा अक्ष कायम टोकाला असतो आणि गेम तो वाचतो. जॉय डॉट सीपीएलच्या यादीत पॅडशिवाय दुसरं नाव दिसलं तर ते डिव्हाइस आधी काढून पाहायचं. पॅड बदलून हा दोष जात नाही.

२१ जानेवारी : तिसरा गट, पॅड न ओळखणारा शहर-बांधणीचा गेम

इथे पॅडला कीबोर्ड-माउसचं सोंग द्यायचं. स्टीम इनपुटमध्ये कीबोर्ड-माउसचा तयार आराखडा घेऊन त्यात बदल केले.

डावी स्टिक नकाशा सरकवते, म्हणजे डब्ल्यू-ए-एस-डी. कीबोर्डची की दाबलेली किंवा सोडलेली एवढीच असते, त्यामुळे स्टिक हलकी ढकलून सावकाश सरकणं इथे मिळत नाही. उजवी स्टिक कर्सर. उजवा ट्रिगर डावं क्लिक, डावा ट्रिगर उजवं क्लिक. ए बटणावर क्लिक ठेवलं नाही, आणि यावर ठाम आहोत: ए दाबायला अंगठा उजव्या स्टिकवरून उचलावा लागतो, आणि रस्ता ओढताना कर्सर हलवणं व क्लिक धरून ठेवणं एकाच वेळी लागतं. डी-पॅड वर-खाली म्हणजे माउसचं चाक, झूमसाठी. त्याला टर्बो लावला म्हणजे दाबून धरल्यावर झूम चालू राहतो. डी-पॅड डावी-उजवी म्हणजे इमारत फिरवणं. स्टार्ट म्हणजे एस्केप. वाय म्हणजे पॉज, कारण स्पेसबार या खेळात सतत लागतो.

कर्सरचा वेग हा खरा कस. एवढा वेगवान हवा की पडद्याच्या एका टोकावरून दुसरीकडे सेकंदाभरात जाईल, आणि एवढा संथ की एका चौकटीवर थांबेल. एका वेगात दोन्ही बसत नाही. उजवा बंपर धरल्यावर कर्सरचा वेग चौथाई होईल असा मोड शिफ्ट दिला. रस्त्याचं टोक जोडताना बंपर धरायचा, बाकी वेळी सोडायचा.

बांधकामाच्या दहा श्रेणी आकड्यांच्या कीवर आहेत. डावा बंपर धरला की डाव्या स्टिकवर गोल मेनू उघडतो आणि सोडला की निवड होते. आठ घरं सोयीची. दहा केली की शेजारचं निवडलं जाऊ लागतं. उरलेल्या दोन श्रेणी एक्स आणि बीवर. कमी बटणांत जास्त कामं बसवण्याचा चांगला नमुना हवा असेल तर फायनल फँटसी १४ चा क्रॉस हॉटबार पाहावा: एक ट्रिगर धरला की डी-पॅड आणि समोरची चार बटणं मिळून आठ कामं, दुसरा धरला की आणखी आठ.

एका बटणावर छोटा दाब आणि लांब दाब अशी दोन कामं देता येतात, पण त्याची किंमत आहे. लांब दाब झाला नाही हे कळेपर्यंत मॅपरला थांबावं लागतं, त्यामुळे छोट्या दाबाचं काम बोट उचलल्यावरच होतं. दोनदा दाबण्याचंही तसंच. जतन करणं, नकाशा उघडणं यांना चालेल. उडी किंवा वार यांना नाही.

२३ जानेवारी : वरून दिसणारे, क्लिक करून चालायचे गेम

या जातीत पात्र पडद्याच्या मध्यावर असतं आणि कर्सर जिकडे तिकडे ते चालतं. इथे स्टिकने कर्सर सरकवत बसणं चूक आहे. 'माउस रीजन' हा प्रकार निवडायचा: स्टिक जिथे, कर्सर पडद्याच्या मध्याभोवतीच्या वर्तुळात नेमका तिथेच, स्टिक सोडली की परत मध्यावर. वर्तुळाची त्रिज्या पडद्याच्या उंचीच्या पावभाग एवढी ठेवली. पात्राचे पाय पडद्याच्या नेमक्या मध्याच्या थोडे वर-खाली असतात, म्हणून उभ्या दिशेची ऑफसेट पात्राच्या पायांशी जुळवायची. ती न जुळवल्यास वर चालताना पात्र चटकन वळतं आणि खाली चालताना अडखळतं.

सामानाची पेटी उघडल्यावर हा आराखडा निरुपयोगी होतो, तिथे साधा कर्सर हवा. म्हणून दोन ॲक्शन सेट केले आणि पेटी उघडणाऱ्या बटणालाच सेट बदलायला लावला. धोका एकच: पेटी दुसऱ्या एखाद्या मार्गाने बंद झाली तर मॅपरला ते कळत नाही आणि सेट उलटे पडतात. सेट जबरदस्तीने जागेवर आणणारं एक बटण राखून ठेवावं. व्ह्यू बटणाचा लांब दाब त्यासाठी दिला.

२६ जानेवारी : जायरो

नेमबाजीत अंगठा माउसला गाठत नाही, हे मान्य करून पुढे जायचं. फरक भरून काढायला ड्युअलसेन्समध्ये जायरो, म्हणजे पॅड हातात किती फिरवला ते ओळखणारा सेन्सर, आहे. एक्सबॉक्स सिरीजच्या पॅडमध्ये नाही, त्यामुळे या कामातून तो बाद.

जायरो माउस म्हणून द्यायचा, स्टिक म्हणून नाही. स्टिक म्हणून दिला तर गेमचा डेडझोन आणि वळण्याची कमाल गती दोन्ही आड येतात. आधी पॅड टेबलावर स्थिर ठेवून जायरोचं कॅलिब्रेशन, नाहीतर नेम हळूहळू एका बाजूला सरकत राहतो. मग गेममधलं माउस ॲक्सिलरेशन आणि स्मूदिंग बंद. गेमची माउस सेन्सिटिव्हिटी मुद्दाम कमी ठेवायची आणि मॅपरमध्ये ३६० अंशांचे डॉट्स (कॅमेऱ्याच्या एका पूर्ण फेरीला लागणाऱ्या माउसच्या पायऱ्या) वाढवायचे. त्यामुळे प्रत्येक पायरी बारीक होते आणि संथ हालचालीत नेम पायऱ्यापायऱ्यांनी उडत नाही.

डॉट्स जुळवताना: गेममध्ये एखाद्या खांबावर नेम धरायचा, मॅपरला पूर्ण फेरी मारायला लावायची, नेम खांबाच्या अलीकडे थांबला तर आकडा वाढवायचा, पलीकडे गेला तर कमी करायचा. हे एकदा नीट बसलं की जायरोची पट खरी होते: १ पट म्हणजे पॅड १० अंश फिरवला की कॅमेरा १० अंश. सोफ्यावर बसून २ ते ४ पट सोयीची. स्टिकने मोठं वळण, जायरोने शेवटचा नेम. जायरो सतत चालू ठेवायचा आणि एका बटणाने क्षणभर थांबवायचा. माउस उचलून परत मध्ये ठेवतात तेच काम हे बटण करतं. फक्त नेम धरतानाच जायरो चालू करणं सुरुवातीला सोपं वाटतं, पण त्याने हात दोन पद्धतींत अडकतो.

मोठ्या वळणासाठी फ्लिक स्टिकही करून पाहावी. जिब स्मार्ट यांनी जॉयशॉकमॅपरमधून रुजवलेली ही पद्धत आता स्टीम इनपुटमध्येही आहे: उजवी स्टिक मागे झटकली की कॅमेरा थेट मागे वळतो, कडेने फिरवली की तेवढ्याच कोनात फिरतो. वर-खाली पाहणं पूर्णपणे जायरोवर. डॉट्सचं गणित चुकलेलं असेल तर ही पद्धत लगेच चुगली करते. मागे वळायचं तर १७० अंशांवरच थांबते.

मोठी अडचण मिश्र इनपुटची. डावी स्टिक पॅड म्हणून आणि जायरो माउस म्हणून असं एकाच वेळी आलं की काही गेम गोंधळतात. चाचणी सोपी: चालत राहून जायरो हलवायचा आणि पडद्यावरची बटणांची चित्रं पाहायची. चित्रं पॅड-कीबोर्ड अशी फडफडली पण खेळ सुरळीत असेल तर सोडून द्यायचं. चाल अडखळत असेल तर डावी स्टिकही डब्ल्यू-ए-एस-डीवर न्यायची. मग चालण्याचा वेग एकच उरतो. शिवाय गेमला आपण माउसवाले दिसतो, त्यामुळे पॅडला मिळणारी नेमाची मदत बंद होते. ऑनलाइन गेममध्ये मॅपर वापरण्याआधी त्या गेमचे नियम वाचावेत. काही ठिकाणी याला परवानगी नसते.

३० जानेवारी : मॅपर चालतो, पण गेममध्ये काहीच पोचत नाही

लक्षण: डेस्कटॉपवर पॅडने कर्सर हलतो, एका विशिष्ट गेममध्ये मेलेला. तो गेम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालत होता आणि स्टीम साध्या अधिकाराने. कमी अधिकाराच्या प्रोग्रामने वरच्या अधिकाराच्या खिडकीत की किंवा क्लिक टोचू नये अशी विंडोजची भिंत आहे. गेमच्या फाइलच्या कंपॅटिबिलिटी टॅबमधली ॲडमिनिस्ट्रेटरची खूण काढल्यावर चालू झाला. गेमला ते अधिकार खरोखरच लागत असतील तर स्टीमही तसाच चालवावा लागतो. परवानगी विचारणारी विंडोजची अंधारी चौकट आणि लॉगिनचा पडदा इथे मॅपरचं काहीच चालत नाही, म्हणून खणात एक छोटा वायरलेस कीबोर्ड राहणारच.

दुसरा प्रकार: बाहेरचा गेम स्टीममध्ये जोडला, पण तो आधी स्वतःचा लाँचर उघडतो, लाँचर गेम सुरू करतो आणि बंद होतो. स्टीमला वाटतं गेम संपला. लाँचरऐवजी गेमची मूळ फाइल थेट जोडली की बहुतेक वेळा सुटतं.

मधेच नाव टाइप करायचं असेल तर गाइड बटण (पॅडच्या मधलं लोगोचं बटण) आणि एक्स दाबून पडद्यावरचा कीबोर्ड येतो. गाइड धरून उजवी स्टिक म्हणजे कर्सर. दुसऱ्या गटातल्या गेमना एवढंच पुरलं.

४ फेब्रुवारी : ड्रिफ्ट आणि सोल्डरिंग

यूएसबी पॅडची डावी स्टिक १९ टक्के डेडझोनशिवाय स्थिर राहत नाही. आत १० किलोओहमचे दोन पोटेन्शिओमीटर आहेत. कार्बनच्या पट्टीवर टोक घासून मध्याजवळची पट्टी झिजते आणि मूल्य भरकटतं. ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल एक-दोन थेंब टाकून स्टिक गोल फिरवली की घाणीमुळे आलेला ड्रिफ्ट जातो, झिजेमुळे आलेला काही दिवसांत परततो.

बदलायचं ठरलं तर हॉल इफेक्ट किंवा टीएमआर मॉड्यूल घ्यावं. दोन्हींत चुंबक असतो, घासणारं काही नसतं. टीएमआर वीज कमी खातं, बॅटरीवरच्या पॅडला ते बरं. जुनं मॉड्यूल १४ जागी सोल्डर केलेलं असतं: दोन सेन्सरच्या तीन-तीन पिना, दाबाच्या बटणाच्या चार, आणि चौकटीचे चार पाय. चौकटीचे पाय बोर्डावरच्या ग्राउंडच्या मोठ्या तांब्याच्या थराला जोडलेले असल्याने तिथली कथील लवकर वितळत नाही. जोर लावून उपटलं की छिद्रातलं तांबं निघून येतं आणि बोर्ड कायमचा जातो. आधी सेन्सरचे डबे बाजूने उचकटून काढायचे, मग पिना एकेक करून गरम करून ओढायच्या, शेवटी चौकट. फ्लक्स सढळ हाताने आणि कमी तापमानाला वितळणारी कथील मिसळली तर काम निम्म्यावर येतं.

नवीन मॉड्यूलचा मध्य जुन्याच्या मध्याशी जुळेलच असं नाही. ड्युअलशॉक ४ आणि ड्युअलसेन्समध्ये नवीन मध्य यूएसबीवरून पॅडच्या आतच कायमचा लिहिता येतो. साध्या पॅडमध्ये ही सोय असेलच असं नाही, म्हणून घेण्यापूर्वी मॉड्यूलवर मध्य जुळवण्याचे स्क्रू आहेत का ते पाहावं. एक्सबॉक्सचा पॅड उघडायला मध्ये छिद्र असलेलं टी८ सुरक्षा टॉर्क्स लागतं, आणि एक स्क्रू बॅटरीच्या खणातल्या लेबलखाली लपलेला असतो.

९ फेब्रुवारी : कुठला गेम कुठे

पहिल्या गटात पळापळीचे, मारामारीचे, रेसिंगचे आणि शेतीवाले संथ गेम: मॅपर बंद, डेडझोन गेममध्ये. बाल्डर्स गेट ३ सारख्या गेमना पॅडसाठी वेगळा इंटरफेस आहे. पॅडचं बटण दाबताच गोल मेनू येतात, म्हणून तिथेही मॅपर बंद. शहर-बांधणी आणि क्लिक करून चालायचे गेम वरच्या आराखड्यांवर. नेमबाजी ड्युअलसेन्सवर जायरोसह.

घाईची स्ट्रॅटेजी, जिथे सैन्याचे गट बांधून मिनिटाला शेकडो क्लिक लागतात, ती प्रकल्पातून काढली. आराखडा बसतो, सगळ्या कमांड पॅडवर येतात, पण चौकोन ओढून तुकडी निवडेपर्यंत लढाई संपलेली असते. ते गेम माउसवरच राहतील.

आराखडे स्टीमच्या खात्यात जतन होतात, तरी प्रत्येकाची बटणयादी इथे जोडली आहे. मोठ्या अपडेटनंतर गेम स्वतःचा पॅड-आधार आणतो आणि आपला कीबोर्डचा आराखडा त्याच्याशी भांडू लागतो. तसं झालं तर आधी स्टीम इनपुट बंद करून गेम तपासायचा, मग आराखड्याला हात लावायचा.

बाकी: यूएसबी पॅडसाठी टीएमआर मॉड्यूल यायचं आहे, शहर-बांधणीच्या गेममध्ये उजव्या बंपरचा वेग चौथाईऐवजी तिसरा हिस्सा करून पाहायचा.